पीएचडीला 'मल्टिकल्चरल आयडेंटिटी' घेऊ का? (कॅनडा-अमेरिकेतल्या कादंबऱ्या)

अनुस्वार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

एमए इंग्रजी झालं, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) झाली, तीन वर्षं एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतेय (मानधन वर्षातून दोनदा येतं, आलं तर, तो वेगळा धागा होईल). पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघाली, गाइडही मिळाले. आता सर म्हणतात विषय घे 'मल्टिकल्चरल आयडेंटिटी (म्हणजे बहुसांस्कृतिक ओळख) इन द सिलेक्ट नॉव्हेल्स ऑफ' आणि पुढे उत्तर अमेरिकेतला कोणीही घे, तुला आवडेल तो. म्हणजे शीर्षक ठरलंय, लेखक ठरायचाय. मुलगी बघायच्या आधी हॉल बुक केल्यासारखं. पुढच्या महिन्यात आरएसीसमोर, म्हणजे संशोधन समितीसमोर सिनॉप्सिस मांडायचाय आणि मी आत्तापर्यंत भारती मुखर्जींची एक कादंबरी आणि रोहिंटन मिस्त्रींच्या दोन (दोघेही भारतातून तिकडे गेलेले लेखक) एवढंच वाचलंय.

विषय अगदीच चोथा झालाय का? इथेच करू की बाहेर अप्लाय करू? यात पुढे काही करियर असतं का? घरचे विचारतात कॅनडातल्या लोकांची आयडेंटिटी शोधून तुला अंबाजोगाईत बसून काय करायचंय. मला खरंच उत्तर देता आलं नाही.

बोरकूट

शोधगंगेवर (भारतातल्या थीसिसांचं ऑनलाइन भांडार) जाऊन सर्चमध्ये 'आयडेंटिटी' टाका. नंतर 'डायस्पोरा' (परदेशी स्थायिक झालेले समाज) टाका. नंतर 'क्वेस्ट फॉर' टाका. एवढं करून झालं की चहा प्या, कारण पोटात खड्डा पडलेला असेल. ही शीर्षकं म्हणजे लग्नपत्रिका झाल्यात हो, मजकूर छापलेलाच असतो, चि. आणि चि. सौ. कां. तेवढी बदलायची.

देसले_नॉट_देसाई

न्यू जर्सीहून. मी आयटीवाला, साहित्यातलं कळत नाही. पण इथे माझ्या शेजारी एक जण इंग्रजीत पीएचडी आहे आणि तीन कॉलेजांत मिळून पाच कोर्स शिकवतो, गाडीतच जेवतो. त्याला ॲडजंक्ट म्हणतात. तुमचं सीएचबी आणि हे ॲडजंक्ट सख्खे भाऊ वाटतात मला. एवढं सांगून थांबतो.

झेलम

अनुस्वार, मी याच विषयात आहे, ओंटारियोत, पीएचडी होऊन सहा वर्षं झाली आणि अजून सेशनल म्हणून, म्हणजे कंत्राटावर शिकवते, म्हणजे देसलेंचे जे सख्खे भाऊ आहेत त्यात मी तिसरी बहीण. लांबलचक लिहिणारे, कंटाळा आला तर स्क्रोल कर.

मी पुण्यातून एमए करून आले. चार वर्षांचं फंडिंग होतं, संपायला सात लागली. पहिली दोन वर्षं कोर्स आणि मग कॉम्प्स नावाची परीक्षा, त्यासाठी माझ्या यादीत दीडशेच्या आसपास पुस्तकं होती, हिवाळाभर तळघरातल्या खोलीत बसून वाचली, खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे. त्या वाचनाबद्दल मला आजही कृतज्ञता आहे. बाकीच्याबद्दल नंतर.

तुझ्या सरांच्या शीर्षकात 'मल्टिकल्चरल' हा शब्द आहे ना, तो कॅनडात विशेषण नाही, तो कायदा आहे. ८ ऑक्टोबर १९७१ ला पंतप्रधान पिएर ट्रूडोंनी संसदेत बहुसांस्कृतिकतेचं धोरण जाहीर केलं, १९८२ च्या चार्टरमध्ये, म्हणजे घटनेतल्या हक्कांच्या सनदेत, त्याचं कलम २७ आलं, १९८८ ला स्वतंत्र कायदा झाला. तेव्हा कॅनडातल्या कादंबरीवर हा शब्द लावताना तू सरकारी शब्द लावतेयस हे भान पाहिजे. आणि त्या शब्दावर तिथले लेखकच कडाडून तुटून पडलेत. मूळचे त्रिनिदादचे नील बिसूंडाथ यांनी १९९४ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं की हे धोरण म्हणजे माणसांना त्यांच्या लोकनृत्यात आणि खाण्याच्या स्टॉलमध्ये कोंडून ठेवणं आहे. हिमानी बॅनर्जींनी डावीकडून वेगळीच झोड उठवली. भारती मुखर्जी तर देशच सोडून गेल्या, मॅकगिलला प्राध्यापक होत्या, नोकरी पक्की होती, तरी १९८० च्या सुमारास अमेरिकेत निघून गेल्या आणि १९८१ मध्ये टोरोंटोतल्या वंशद्वेषावर लेख लिहिला. अमेरिकेत गेल्यावर म्हणाल्या मला मधली आडवी रेघ नको, इंडियन-अमेरिकन नको, मी अमेरिकन लेखिका. तू त्यांची एक कादंबरी वाचलीयस, आता त्या लेखानंतर ती परत वाच, वेगळी दिसेल.

अमेरिकेत हाच विषय दुसऱ्या दाराने आला. तिथे कुणी पंतप्रधानाने जाहीर नाही केला. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी संप केला, काळे, मेक्सिकन, आशियाई सगळे मिळून, तो पुढच्या मार्चपर्यंत चालला आणि त्यातून एथनिक स्टडीजचं (वांशिक समाजांच्या अभ्यासाचं) कॉलेज उभं राहिलं. एका देशात विषय वरून आला, दुसऱ्यात पोरांनी लाठ्या खाऊन आणला. एकाच शीर्षकात 'नॉर्थ अमेरिकन' म्हणून दोन्ही कोंबलंस तर, मी तुझ्या कमिटीत असते तर, पहिला प्रश्न हाच विचारीन.

आता माझ्या कामाचं. माझा थीसिस जॉय कोगावांच्या 'ओबासान'वर होता, १९८१ ची कादंबरी. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरातून उठवलं, त्यातले बहुतेक कॅनडाचेच नागरिक. होड्या जप्त, घरं, दुकानं सरकारी कस्टोडियनने परस्पर विकली. युद्ध १९४५ ला संपलं पण किनाऱ्यावर परतायची परवानगी १९४९ ला मिळाली. कादंबरीत नेओमी नावाची शाळामास्तरीण आहे, तिची एमिली मावशी कागदपत्रांचं एक जाडजूड पार्सल पाठवते, त्यात मावशीची १९४१-४२ ची पत्रवजा डायरी आहे, आपल्या बहिणीला लिहिलेली, म्हणजे नेओमीच्या आईला.

मी ओटावाला अभिलेखागारात गेले, कारण ती डायरी कोगावांनी हवेतून काढलेली नाही. म्यूरिएल किटागावा नावाच्या बाईची खरी पत्रं तिथे आहेत. तिथे पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. पेटी आली, उघडली, आणि पहिल्या दोन तासात मला माझा थीसिस मिळाला. म्यूरिएलची पत्रं भावाला आहेत, तो टोरोंटोत डॉक्टरकी शिकत होता. पत्रं पोचत होती, उत्तरं येत होती. कोगावांनी काय केलं, तो भाऊ काढला आणि तिथे जपानमध्ये अडकलेली बहीण ठेवली. युद्ध चालूये, टपाल बंद. म्हणजे सगळी पत्रं अशी झाली की जी टाकताच येत नाहीत. मजकूर बराचसा तोच, पत्ता बदलला, आणि पत्ता बदलल्यावर एका तक्रारीच्या पत्राची अख्खी मुकी कादंबरी झाली. हे मला 'आयडेंटिटी' या शब्दात शोधून कधीच सापडलं नसतं. पेन्सिलीने उतरवून घेताना सापडलं.

(१९८८ च्या सप्टेंबरात सरकारने माफी मागितली, तोवर हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २१,००० डॉलर दिले, त्या दिवशी संसदेत या कादंबरीतला उतारा वाचला गेला. साहित्याने काय होतं विचारणाऱ्या काकांना मी हे सांगते. काका म्हणतात तुला किती मिळाले.)

परखड

उत्तम लिहिलंय पण मूळ प्रश्न करियरचा होता.

झेलम

हो, येतेय तिकडेच.

एका विद्यापीठात मुलाखतीला बोलावलं. नाव सांगत नाही. दिवसभराचा कार्यक्रम असतो, सकाळी व्याख्यान, दुपारी कमिटी, संध्याकाळी जेवण आणि जेवतानाही तुमची परीक्षाच चालू असते, सूप कसं पिता वगैरे. व्याख्यान छान झालं. कमिटीत पहिला प्रश्न, तुम्ही जपानी-कॅनेडियन साहित्याकडे कशा वळलात? मी पत्रांचं सांगितलं. परत तेच, थोडं फिरवून, नाही म्हणजे वैयक्तिक संबंध काय? मग, साउथ एशियन साहित्य शिकवाल ना? योगावर एखादा कोर्स? (योगा! मला सूर्यनमस्काराचे बारा मंत्रही येत नाहीत.) माझ्याबरोबर जो गोरा मुलगा शॉर्टलिस्ट होता त्याचा थीसिस कॅरिबियन कवींवर होता. त्याला कोणी विचारलं नसणार तुझे आजोबा त्रिनिदादचे का. अख्खं आयुष्य जो विषय सांगतो की माणसाला त्याच्या आडनावात कोंडू नका, त्याच विषयाच्या दारात तुमचं आडनाव विचारतात.

राग आला होता, आता कमी झालाय. पूर्ण नाही.

बोरकूट

आडनाव विचारायला कॅनडात कशाला जायला पाहिजे. आमच्याकडे मुलाखतीत आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न 'म्हणजे कुठले?' आणि गाव सांगितलं की 'म्हणजे वरच्या आळीचे का?'

झेलम

बोरकूट, अगदी! आणि त्यावरच एक मजेदार गोष्ट. लिंडा हचन हे नाव ऐकलं असेल, पोस्टमॉडर्निझम शिकलेल्या प्रत्येकाने तिच्या नोट्स घोकल्यात. टोरोंटो विद्यापीठात आयुष्य गेलं, २००० साली एमएलएची (अमेरिकेतली भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संघटना, मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) अध्यक्ष होती. १९९० ला तिने एका सहसंपादकासोबत कॅनडातल्या बहुसांस्कृतिक कथांचा संग्रह काढला, तो या क्षेत्रातला पायाचा दगड आहे. पण तिचं माहेरचं आडनाव बोर्तोलोत्ती, इटालियन घरातली. लग्न करून हचन झाली आणि एका सहीत इटालियनपण गायब. तिने स्वतःच याला नाव दिलं, 'क्रिप्टो-एथनिक', म्हणजे गुपचूप-परकी. पुण्यात लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या माझ्या आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, एवढ्यासाठी अमेरिकेत अध्यक्ष करतात होय?

चष्मा_विसरलेला

नमस्कार. लातूरकडचा, निवृत्त, इंग्रजीचाच. टायपिंग सावकाश आहे, क्षमस्व.

अनुस्वार बाळ, तुझे गाइड साचा का देतात त्याला इतिहास आहे, नुसता आळस नाही. १९६४ पासून हैदराबादला उस्मानियाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होतं. आम्ही लातूरहून रात्रीच्या एसटीने जायचो. राहायची सोय, खानावळ, वाचायला ग्रँट आणि अमेरिकन पुस्तकांचं असं ग्रंथालय की पहिल्या दिवशी नुसते फिरूनच पाय दुखले. मराठवाड्यातल्या इंग्रजीच्या दोन पिढ्या त्या ग्रंथालयावर पीएचडी झाल्या. कॅनडाचं तसंच. शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट १९६८ पासून आहे, आणि कॅनडा सरकार परदेशातल्या प्राध्यापकांना तिकडे जायला पैसे द्यायचं, महिनाभर जायचं, कोर्स तयार करून यायचं. आमच्यातले जे गेले ते बॅग भरून कॅनेडियन कादंबऱ्या घेऊन आले आणि मग विद्यार्थ्यांना त्याच वाटल्या. म्हणून आपल्याकडे एवढे कॅनेडियन थीसिस. २०१२ ला तिथल्या सरकारने ती योजना बंद केली, नवी पुस्तकं यायची थांबली, शीर्षकं मात्र राहिली. नळ बंद पण हंडे रांगेत.

आता घरच्यांच्या प्रश्नाचं. अंबाजोगाईत बसून तिकडचं कशाला? अगं, मराठवाड्याने अमेरिकन साहित्य वाचलं ते 'मल्टिकल्चरल' म्हणून नव्हे. डॉ. जनार्दन वाघमारे सर, आमच्या लातूरचे प्राचार्य, पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, राज्यसभेत गेले, त्यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे मराठीत लिहिलं. मराठीत! कुठल्या पॉइंटसाठी नव्हे. तेव्हा इथे दलित साहित्याचा जोर होता, औरंगाबादेत पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक, मुंबईत १९७२ ला दलित पँथर निघाली ती नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेऊन. आम्ही जेम्स बाल्डविन (तिकडचे कृष्णवर्णीय लेखक) वाचायचो ते परीक्षेसाठी नाही, रात्री होस्टेलवर भांडायला.

आणि पत्रांचा विषय निघालाच आहे तर. १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडे अर्ज केल्याचं वाचलं, भारतातले अस्पृश्यही तसा विचार करताहेत, त्या अर्जाच्या दोनतीन प्रती मिळतील का. एवढं साधं, कामाचं पत्र. डू बॉइस यांनी त्याच महिन्याअखेर उत्तर दिलं. दोन्ही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि इंटरनेटवर फुकट दिसतात, तू मोबाइलवर बघू शकतेस. मी नातवाकडून काढून घेतलं, प्रिंट भिंतीवर लावलीय.

तेव्हा बाळ, घरच्यांना सांग, हे येणंजाणं जुनं आहे.

परखड

सर, दंडवत. पण एक शंका, झेलम म्हणतात आडनावात कोंडू नका आणि तुम्ही म्हणता आपला धागा शोधून वाचा. दोन्ही एकदम कसं?

चष्मा_विसरलेला

शंका बरोबर आहे. वाघमारे सरांना कोणी दारात अडवून विचारलं नव्हतं की तुम्ही निग्रो का. स्वतः शोधणं वेगळं, दुसऱ्याने गळ्यात पाटी अडकवणं वेगळं. आता डोळे दुखतात, उद्या.

देसले_नॉट_देसाई

थांबतो म्हणालो होतो पण राहवत नाही. इथे अधिवेशनात (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) दर वेळी 'पुढच्या पिढीची आयडेंटिटी' असा परिसंवाद असतो, आम्ही सगळे काका स्टेजवर आणि पुढची पिढी बाहेर लॉबीत फोनवर. त्यावर कादंबरी असेल तर सांगा, पोरीला देतो.

झेलम

देसले 😀 पोरीला रोहिंटन मिस्त्रींच्या पहिल्या संग्रहातली शेवटची गोष्ट द्या, 'स्विमिंग लेसन्स', १९८७ चा संग्रह. मिस्त्री मुंबईचे, १९७५ ला टोरोंटोला आले, बँकेत नोकरी करत लिहायला लागले. या गोष्टीत मुलगा टोरोंटोच्या उपनगरात एका बिल्डिंगमध्ये राहतो आणि पोहायला शिकायचा प्रयत्न करतो. इकडे मुंबईत आईवडील त्याच्या पत्राची वाट बघतात आणि पत्र येतं ते चार ओळींचं, मी मजेत, तुम्ही कसे. वडील वैतागतात की एवढ्या लांब जाऊन हाच मजकूर? आणि मग एक दिवस गोष्टींचं हस्तलिखित येतं, आणि त्यांना कळतं की पोराने पत्रात काहीच लिहिलं नाही कारण सगळं तिकडे लिहीत होता.

मी हे ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या पोरांना शिकवते. पंजाबी, तमिळ, सोमाली, सगळी. गेल्या वर्षी एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा, म्हणाला मिस, माझे वडील ट्रक चालवतात, ते गावी फोन करतात तेव्हा रोज एकच वाक्य बोलतात, सब ठीक. मी त्या तासाला पुढे काही शिकवलं नाही. शिकवायचं उरलं नव्हतं.

अनुस्वार, याच मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर अभ्यासक्रमातून काढली होती हे माहीतच असेल. तेव्हा मी एमएला होते, आम्ही झेरॉक्स काढून वाचली. बंदी आली की झेरॉक्सवाल्याचा धंदा.

करियरचं स्पष्ट सांगते. इथे कायम नोकऱ्या फार कमी निघतात, एका जागेला ढिगाने अर्ज येतात, व्हिसाचे नियम दर वर्षी बदलतात. पूर्ण फंडिंग असल्याशिवाय येऊ नकोस, कर्ज काढून इंग्रजीची पीएचडी करायला तर मुळीच नको. तुझी सेट झालीय, २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट-सेट पुरते, पीएचडी सक्तीची नाही. म्हणजे पीएचडी नोकरीसाठी करावीच लागेल असं नाही, वाचावंसं वाटतंय म्हणून करू शकतेस. ही चैन मला नव्हती.

बोरकूट

जाहिरात निघाली तर ना. सेट होऊन पोरं टक्कल पडेपर्यंत वाट बघतायत. पण मुद्दा मान्य.

अनुस्वार

बापरे. सगळं दोनदा वाचलं. रडले पण थोडी, सब ठीकला.

काल सरांकडे जाऊन आले. म्हटलं सर मला 'सिलेक्ट नॉव्हेल्स' नको, मला पत्रं घ्यायचीयत. 'ओबासान' आणि मिस्त्री, कादंबरीतली पत्रं कोणाला लिहिलेली असतात आणि पोचतात की नाही. आमच्या घरात आजोबांची पत्रं आहेत, ते ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचे, स्वतःला लिहिता येत नव्हतं, मुकादमाकडून लिहून घ्यायचे, सगळ्या पत्रात 'आम्ही सर्व खुशाल' आणि पैशाचा आकडा. मुकादमासमोर दुसरं काय सांगणार माणूस. ते मला कायम आठवत होतं मिस्त्री वाचताना पण हे 'रिसर्च' असतं असं वाटलं नव्हतं.

सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले चांगलंय, कर, पण शीर्षकात 'मल्टिकल्चरल आयडेंटिटी' राहू दे, कमिटीला तो शब्द लागतो. मी हो म्हटलं. चूक केली का?

झेलम

अजिबात नाही. माझ्याही शीर्षकात आहे.

परखड

😀😀

अनुस्वार

आता अडचण अशी की 'ओबासान' आमच्या लायब्ररीत नाही, विद्यापीठात कार्ड आहे पण पुस्तक नाही, ऑनलाइन किंमत बघितली तर महिन्याचं मानधन (येणारं नसलेलं).

चष्मा_विसरलेला

माझ्याकडे आहे. जुनी पेपरबॅक, मित्राने कॅनडाहून आणलेली, पाठ निघालेली आहे, रबर लावून ठेवलीय. मार्जिनमध्ये माझी पेन्सिल आहे, तिकडे दुर्लक्ष कर, तेव्हा मला वाटायचं मला सगळं कळतं. सोमवारी एसटी पार्सलने टाकतो, अंबाजोगाई आगारातून घे. पावती नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अनुस्वार

सर 🙏 परत कशी पाठवू?

चष्मा_विसरलेला

वाचून झाली की पत्र लिही. पोस्टाने.